बिनफोडणीचा डबा

नाशिक, १७ मार्च २०२४

चि. हर्षाली,

तुझा निरोप नवनाथने पोचवला. निरोप आईसाठी होता आणि उत्तर माझ्या अक्षरात येतंय, एवढं चालवून घे. तिला हल्ली बसून लिहवत नाही. थोडा अशक्तपणा आहे, विशेष काही नाही. तिचा फोन गोरक्षने बंद करून कपाटात ठेवलाय, उजेडाचा तिच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून. तेव्हा तू लावत असशील तर लावू नकोस.

नवनाथ सांगत होता, सातपूरच्या तुमच्या वर्कशॉपात डबे ठेवायला फ्रिज नाही, गरम करायचं यंत्र एकच आणि तेही मालकाच्या केबिनमध्ये. वर नुसते पत्रे. सकाळी भरलेली उसळ परवा दुपारी फसफसली आणि तू पाणी पिऊन दिवस काढलास म्हणे. मराठी घेऊन एम. ए. झालेली मुलगी वायरींची टोकं सोलत बसते, यावर मी काही म्हणत नाही. तू विचारलंस, न तापवता खाता येईल आणि दुपारपर्यंत टिकेल असं काय न्यावं? मी खाटेशी बसून तिला विचारलं. तिनं डोळे मिटूनच सांगितलं, एका सुरात, तू दुसरीत पाढे म्हणायचीस तसं.

भात मऊ शिजव आणि ताटात पसरून कोमट होऊ दे. मग त्यात दूध घाल, चमचाभर दही घाल, कालव आणि डब्यात भर. वाटेत, कारखान्यात, तू काम करत असताना तो आपला आपण विरजतो. दुपारी झाकण काढशील तेव्हा ताजा दहीभात. घरून दुधाऐवजी सगळं दहीच कालवून नेलंस तर मात्र आंबून जाईल. चिमूटभर मीठ, वरून हिंग-मोहरीची फोडणी. आणि वाफ असताना झाकण कधी लावायचं नाही. डब्याला आतून घाम सुटतो, तोच अन्न नासवतो.

दशम्या कर. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नको. दोन दिवस कापसासारख्या राहतात. सोबत लसणीची सुकी चटणी. काकडी चिरून नेऊ नकोस, अख्खी ने आणि तिथे खा.

शेवटी म्हणाली, "फोडणी चुकवू नको म्हणावं. फोडणी डब्याची राखण करते. आपल्या घरातून बिनफोडणीचा डबा कधी बाहेर पडला नाही."

तुला आठवतं, शाळेत तुझ्या डब्यात मी चिठ्ठी टाकायचो?

डब्यात माझ्या भाकर गोल,
शेजारी बसली चटणी अबोल.

तू ती चालीवर म्हणत घरी यायचीस, आणि फाटकापासूनच आम्हाला कळायचं की डबा संपला की नाही. ते दिवस खडूच्या पुडीसारखे होते. हाताला लागले आणि उडून गेले.

तू भेटायला येऊ का, असं विचारलंयस. जरूर ये. घर तुझंच आहे. एकटी ये, बॅग घेऊन ये आणि परत जायचं नाही, एवढं ठरवून ये. त्यापेक्षा वेगळं काही ठरवलं असशील तर आईला उगाच दगदग नको.

तिनं आणखी एक वाक्य सांगितलं होतं. कागद संपत आला आहे.

— अण्णा


नाशिक, १४ एप्रिल २०२४

चि. हर्षाली,

सकाळपासून रस्त्यानं निळे झेंडे जातायत, लाउडस्पीकर चालू आहेत. तुमच्याकडे आज गोडधोड असेल. मी खिडकी लावून घेतली, आवाजामुळे.

पण खिडकी लावली तरी एक आवाज आत राहिला. आठवीचा वर्ग, शेवटचा तास, आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून कविता म्हणतोय. मागच्या बाकावर नवनाथसुद्धा खोडरबर फेकायचं थांबून ऐकायचा. पस्तीस वर्षं शिकवलं मी, त्याच्यासारखा स्वर पुन्हा मिळाला नाही. स्पर्धेला मीच त्याला घेऊन गेलो होतो. बक्षीस मिळालं तेव्हा मीच त्याला घरी आणलं, आईनं त्याला शिरा दिला, तू दाराआडून बघत होतीस. लोक मला हेच ऐकवतात. मी त्यांना सांगतो, वर्ग वेगळा, घर वेगळं. कवितेत सगळी माणसं एका पंगतीत बसतात, ते कवितेत शोभतं.

असो. तुझा दुसरा निरोप मिळाला. दहीभात छान विरजतो, पण आता गरम अन्नाचा वास सहन होत नाही, तेलाचा तर नाहीच, शेजारणीनं डबा उघडला तरी उठून बाहेर जावं लागतं, काहीतरी आंबट, गार सांग, असं तू म्हटलंस. मी आईला वाचून दाखवलं. तिला किती दिवसांनी हसू आलं. म्हटलं, "हसतेस काय?" तर म्हणाली, "काही नाही. कैरीचा तक्कू सांगा तिला."

तर कैरी किसायची, मीठ आणि गूळ लावून पाणी सुटू द्यायचं. फोडणी वेगळी करायची, मेथीचे चार दाणे घालून, आणि पूर्ण गार झाल्यावरच कैरीवर ओतायची. म्हणजे वासही येत नाही आणि दोन दिवस टिकतो. दशमीबरोबर खा. ती आणखी म्हणाली, उपाशी पोटी राहू नकोस, रुमालात चार लाह्या बांधून ठेव आणि सकाळी उठल्या उठल्या तोंडात टाक. जड उचलू नकोस, असंही म्हणाली. तिथं तू काय जड उचलतेस? वायरी तर उचलतेस. आजारी माणूस काहीही बोलतं.

हो, ती आजारी आहे. लपवण्यात अर्थ नाही, नवनाथने तुला सांगितलंच असणार. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि पुन्हा शिवलं. आम्ही घरी आणलं तिला. आता ती बरीचशी माहेरच्या बोलीतच बोलते. लग्न झाल्यावर नामपूरची अहिराणी मीच तिला सोडायला लावली होती, मास्तरणीला शोभत नाही म्हणून. आता ती परत आली. काल म्हणत होती, "हर्षूले बलावा. मनी पोर शे ती."

मंगळवारी दुपारी तू फाटकाशी येऊन गेलीस, असं समोरच्या सुमनबाई म्हणाल्या. कुलूप गोरक्षने लावलं होतं. हल्ली चोऱ्या फार होतात. तू हाका मारल्यास तेव्हा मी आतच होतो, आईच्या उशाशी. ती उठायला बघत होती. "हर्षूचा आवाज," म्हणाली. मी म्हटलं, "भाजीवाली आहे." थोड्या वेळानं तू थांबलीस. ती म्हणाली, "भाजीवाली रडते का हो?"

तू माझी अट ऐकली असतीस तर फाटक काय, मी रस्त्यापर्यंत आलो असतो. फाटकाबाहेर मोटारसायकलवर कोण बसलं होतं, तेही सुमनबाईंनी सांगितलंय.

आईनं माझ्याकडून वचन घेतलंय. "तिला येऊ देत नाही तर नाही, पण दर सोमवारी माझ्याकडून तिला एक डबा जाऊ द्या. तेवढं तरी." मी दिलं वचन. उद्या सोमवार. पितळी कडीचा तुझा शाळेतलाच डबा काढलाय. तक्कू सूनबाईनं केला, पण मीठ आईनं चाखलंय.

— अण्णा


नाशिक, १२ मे २०२४

चि. हर्षाली,

ऊन फार आहे. पत्रे तापत असतील, पाणी पीत जा.

तुझ्या आईला आता दुखत नाही. बुधवारपासून ती शांत आहे. घरात माणसांची वर्दळ आहे, नामपूरचे मामा आलेत, गोरक्षच्या सासरची मंडळी आहेत. मे महिना म्हटलं की सगळे येतातच.

या वेळी तिनं काही सांगितलेलं नाही, म्हणून नवी कृती नाही. पण उद्या सोमवार आहे आणि मी वचन मोडत नाही. सकाळी स्वयंपाकघरात बायकांची गर्दी असेल, तरी मीच वाट काढून पातेल्यातून काढून घेईन आणि डबा मीच भरीन. मला स्वयंपाकातलं काही कळत नाही, तुला माहीत आहे. पण गार होऊ देईन आणि मगच झाकण लावीन. एवढं मी तिच्याकडून शिकलो.

गच्चीत झोपतो हल्ली. पहाटे सप्तर्षी पंचवटीच्या बाजूला कलतात. तुला खांद्यावर घेऊन दाखवायचो मी. तू म्हणायचीस, "अण्णा, एवढा मोठा पळा कोणाच्या घरचा?"

डबा संपव.

— अण्णा


नाशिक, १९ मे २०२४

हर्षाली,

तू हे नवनाथसमोर विचारायला नको होतंस. बाहेरच्या माणसासमोर घरचं काढलंस.

त्यानं मला सगळं सांगितलं. ओसरीत बसला आणि दिलेला चहाही घेतला नाही. म्हणाला, "सर, जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला. बाजरीची भाकरी आणि मुगाचं वरण. तिनं बोट बुडवून चाटलं. हळद नाही, मोहरी नाही, काही नाही. पांढरं फटक. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'नवनाथ, आमच्या घरातलं कोण गेलं?'"

मी त्याला बजावून ठेवलं होतं. ती आईची चौकशी करील, तेव्हा 'बरी आहे' एवढंच म्हणायचं, बाकी मी योग्य वेळी कळवीन. तो माझा विद्यार्थी आहे, त्यानं तेवढंच केलं. म्हणाला, "बरी आहे." तू म्हणालीस, "मी आईचं नाव घेतलं नव्हतं."

आणि मग, तो म्हणतो, तू रडली नाहीस. खाली बसलीस आणि ते अळणी वरण भाकरीशी शेवटपर्यंत खाल्लंस. बाजूच्या बाईनं लोणचं पुढे केलं तर हात आडवा धरलास.

सूनबाईला कळलं तेव्हा ती माझ्यावर कधी नव्हे ती ओरडली. "अण्णा, सुतकातलं अन्न डब्यात भरून दिलंत? दहा दिवस घरात फोडणी पडत नाही, हे लहान पोराला ठाऊक असतं. हर्षूताईला त्या घरात जाऊन सगळं विसरायला झालं असेल असं वाटलं का तुम्हाला?" मी नुसतं पातेलं पाहिलं, डबा पाहिला, सोमवार पाहिला. हळद आहे की नाही, हे पाहण्याची सवय माझ्या डोळ्यांना नाही. ते काम तुझ्या आईचं होतं.

कळवलं का नाही, याचं उत्तर सरळ आहे. कळवलं असतं तर तू त्याला घेऊन आली असतीस. नामपूरचे भाऊबंद दारात बसले होते. तिरडीशेजारी शब्दाला शब्द लागला असता. मी तिचा शेवट शांत ठेवला. एक दिवस तुला पटेल.

दहाव्याला गंगेवर गेलो. पिंड मांडला, बाजूला पुरणपोळी ठेवली, तिला आवडायचा तो खरवस ठेवला. कावळे होते, झाडावर, पायरीवर, मोटारीच्या टपावर, पण एकही पुढे येईना. गोरक्ष म्हणाला, नातवंडांना शिकवीन. मामा म्हणाले, देवळाला कळस लावीन. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा हळूच म्हणाले, "दाजी, बोला ना. हर्षूला घरी आणतो म्हणा. बाई त्यासाठीच अडलीय." ऊन चढत होतं. गुरुजींना पुढच्या पिंडाला जायचं होतं.

मी बोललो नाही. खोटं वचन मी कधी दिलेलं नाही, मुलांनासुद्धा. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्यानं पिंडाला शिवून घेतलं. तोही विधीच आहे, चालतो.

नवनाथ जाता जाता आणखी एक सांगून गेला, मी विचारलं नव्हतं. "सर, लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक असतं ना? तीन दिवस तिच्या डब्यात फोडणी नव्हती. तिच्या नवऱ्याच्या, संघर्षच्या डब्यात पण नव्हती. त्यांच्यात असलं काही पाळत नाहीत. आमच्या मशीनवरचा रावजी त्याला चिडवत होता, बायको तेल देत नाही का रे म्हणून. तो हसला आणि तसलाच घास खाल्ला." मग म्हणाला, "मी तिला म्हटलं, चल, घरी सोडतो तुला, दहाव्याला तरी. तर म्हणाली, आता तिथं माझं कोण आहे?"

हे वाक्य तुझं असेल असं मला वाटत नाही. नवनाथ लहानपणापासून पदरचं घालून सांगतो. निबंधात त्याचे गुण मी त्यामुळेच कापायचो.

पितळी कडीचा डबा परत आलेला नाही. पाठवून दे. उद्या सोमवार आहे.

— अण्णा


नाशिक, १५ डिसेंबर २०२४

चि. हर्षू,

मधल्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून ती आली की नाही हे विचारत नाही. नवनाथही फिरकत नव्हता. एकदा रस्त्यात दिसला तर फोन कानाला लावून पलीकडे गेला. फोन उलटा धरलेला होता.

घरात मी ठीक आहे. सूनबाईही आता नोकरीला जाते. पावसाळ्यात मी एकदा चहा ठेवून खिडकीशी बसलो, एक जुनी चाल आठवत होतो, आणि भांडं जळलं, ओट्याची फरशी तडकली. तेव्हापासून गॅसचं बटण खालून बंद करून जातात आणि माझा डबा सकाळीच भरून टेबलावर ठेवतात. दुपारी मी तो गार खातो. पहिल्या दिवशी भाजी आंबली होती. मी सूनबाईला म्हटलं, "वाफ जाऊ दे, मग झाकण लाव." ती म्हणाली, "अण्णा, माझी बस असते." मग मी दूधभाताचं सांगितलं. आता रोज तोच असतो. विरजतो छान. मोजकं मीठ. फोडणी नसते, तिला वेळ होत नाही.

आज रविवार. अकराच्या सुमारास फाटक वाजलं. नवनाथ होता. आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला आणि पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. पितळी कडी घासून लखलखीत केलेली. डबा जड लागला. मला वाटलं, वरण असेल.

उघडला तर घुगऱ्या.

हरभऱ्याच्या, मोड न आलेल्या, नीट उकडलेल्या, हळद घातलेल्या, मोहरी आणि लाल मिरचीची फोडणी दिलेल्या. वर खोबरं. आपल्याकडे घुगऱ्या कधी करतात, ते मला माहीत आहे. यावेळी मला वाचता आलं. त्या घरी करत असतील असं वाटत नाही. तू मुद्दाम केल्यास, मला कळावं म्हणून, आणि कळण्यापुरतंच कळावं म्हणून.

उन्हाळ्यात तू आंबट मागितलंस आणि तुझी आई हसली होती. लाह्या खा म्हणाली, जड उचलू नको म्हणाली, आणि मी ते सगळं तुला लिहून पाठवलं, शुद्धलेखनासकट, अर्थ न कळता. तिला कळलं होतं. मला सांगितलं नाही. तिलाही वाटलं असेल, याला सांगून काय उपयोग.

मी नवनाथला म्हटलं, "बारसं झालं?"

"झालं, सर. काल."

"मुलगा की मुलगी रे?"

तो चपलेनं पायरीवरची माती सारत राहिला. "सर, तिनं सांगू नको म्हटलंय."

"नाव काय ठेवलं?"

"तेही नाही."

"कोणासारखं दिसतं? तिच्या आईची, मैनाची हनुवटी आहे का?"

"सर, नका विचारू."

"बरं, बाळंतीण कशी आहे, एवढं तरी सांगशील की नाही? तिच्या आईला पहिल्या खेपेला ताप आला होता. अंगावरचं दूध गेलं होतं."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. मागच्या बाकावरचा ढ पोरगा, पण त्या क्षणी मी विद्यार्थी होतो आणि तो मास्तर. म्हणाला, "सर, मागं तुम्हीच मला शिकवलं होतं, विचारलं तर काय सांगायचं. तिनंही तेच सांगायला लावलंय, शब्द बदलू नको म्हणाली." मग पिशवीची घडी घालत म्हणाला, "बरी आहे."

आणि गेला. फाटक त्यानं ओढून घेतलं. कुलूप लावल्यासारखा आवाज झाला, पण कुलूप आता नसतं. आता चोऱ्या होत नाहीत.

तो गेल्यापासून मी त्या दोन शब्दांपाशी बसून आहे. बरी आहे म्हणजे खरंच बरी आहे, की मी आईबद्दल जसं 'बरी आहे' म्हणायला लावलं, तशी बरी आहे? ताप आहे का? दवाखान्यात आहेस का? बाळाला दूध मिळतं का? कोणाला विचारू? तुझा नंबर गोरक्षच्या फोनमध्ये बंद केलेला आहे, तो उघडायला सांगितलं तर म्हणतो, "तुम्हीच बंद करायला लावला होता ना?" सुमनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक बाई, मी भाजी घ्यायला चाललेय."

घुगऱ्या खाल्ल्या. गार होत्या, तशाच खायच्या असतात. फोडणी बरोबर बसली होती, मेथीचे दाणेसुद्धा मोजून चार असावेत तसे लागले. तुझ्या आईच्या हातची चव होती. सगळ्या नाही खाल्ल्या, मूठभर ठेवल्यात. सूनबाई म्हणते, अण्णा, फ्रिजमध्ये ठेवते. मी नको म्हटलं. फ्रिजशिवाय टिकतील, हे मला माहीत आहे.

डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. म्हणून दुपारपासून पाळणा रचतोय. आठ कडव्यांचा धरलाय. गंगा आली आहे त्यात, सप्तर्षी आलेत, तुझी आई आली आहे, शिऱ्याची वाटीही आली आहे. तो म्हणेल, संघर्ष. त्याच्या गळ्यावर बसेल अशीच चाल बांधली आहे, तिसऱ्या बाकावरची.

पण पाळण्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाळाचं नाव यावं लागतं. आणि बाळ आला की बाळ आली, तेही ठरवावं लागतं, त्याशिवाय एकही ओळ पुरी होत नाही. मी आठही ठिकाणी जागा मोकळी सोडली आहे. कागद डब्यात घालून, वाफ नाही ना ते बघून, झाकण लावलंय.

नवनाथ न्यायला येईल तेव्हा देईन. उद्या सोमवार आहे.

— अण्णा